घुसळणीचे न्याय्य युद्ध

मंगळवारी सकाळी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दशांशताईंनी घुसळणीची पिन विजेच्या बोर्डातून उपटली, चार नमुने तोलले आणि पिन परत लावायला त्या विसरल्या. दुपारी जंतुरावांनी यंत्राचे झाकण उघडले, तेव्हा बारा चंबूंतले जंतू तळाशी निवांत बसले होते. तीन दिवसांचे काम वाया गेले होते.

दशांशताई रसायन विभागाच्या. दशांशचिन्हानंतरचे चारही आकडे स्थिर झाल्याशिवाय त्या वजन लिहीत नसत, म्हणून हे नाव पडले होते. जंतुरावांना जंतुराव का म्हणत, ते सांगायला नको. घुसळणी हे त्यांचे नमुने दिवसभर हलवत ठेवणारे, लहान कपाटाएवढे यंत्र. जागा नाही म्हणून ते तराजूच्या ओट्याला लागूनच ठेवले होते. ते चालू झाले की ओटा थरथरे, तराजूचा शेवटचा आकडा नाचू लागे आणि पाठोपाठ ताईही.

दोघेही एकाच दारातून एकाच वेळी मॅडमच्या खोलीत शिरायला गेले आणि चौकटीत अडकले.

"मॅडम, यांनी माझे जंतू मारले!"

"अहो, जंतू मारायलाच तर पगार घेतो ना आपण?" ताई म्हणाल्या.

"मोजायला घेतो! मारायला नाही!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. शनिवारपासून त्यांची आठ दिवसांची रजा होती. तीन वर्षांतली पहिली. थोरल्या बहिणीकडे जायचे आणि झोपायचे, एवढाच बेत होता. पण मोठ्या साहेबांनी रजेच्या अर्जावर शेरा मारला होता : 'विभागांतील वाद मिटल्यास मंजूर.'

"ती घुसळणी सामानाच्या खोलीत हलवली तर?" मॅडमनी या वर्षात सातव्यांदा विचारले.

"मी का हलवू? म्हणजे चूक माझी होती असं होईल," जंतुराव म्हणाले.

"तराजू तर हलणारच नाही," ताई म्हणाल्या. "मॅडम, आता सरळ युद्ध. तुम्ही फक्त परवानगी द्या."

इथे मॅडमच्या हातून चूक झाली. त्या थकलेल्या होत्या. रागावलेल्या माणसाला विचार करायला लावले की राग उतरतो, असे त्यांना वाटत असे. त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिले : युद्ध करायचे तर कारण गंभीर हवे. बाकीचे उपाय करून झालेले हवेत. होणारे नुकसान मूळ त्रासापेक्षा जास्त नको. ज्यांचा संबंध नाही त्यांना झळ नको. जिंकण्याची शक्यता हवी. आणि शेवटी, प्रमुखाची परवानगी हवी. "हे सगळं जमत असेल तर या माझ्याकडे," त्या म्हणाल्या. इतक्या अटी वाचून कोणीही घरी जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

पण ही माणसे प्रयोगशाळेतली होती. ओळीने अटी लिहिलेला कागद दिसला की ती त्याला उपदेश समजत नाहीत, कार्यपद्धती समजतात.

बुधवारी सकाळी दोन्ही विभागांनी तक्ते आखले. ताईंनी तराजूचा नाच मोजला. दिवसाला बेचाळीस मिनिटे वाया, तीन दिवसांची सरासरी. उत्तर म्हणून घुसळणी एकोणचाळीस मिनिटे बंद ठेवायची. गुणोत्तर शून्य पूर्णांक त्र्याण्णव. शेरा : नुकसान मूळ त्रासापेक्षा कमी, उत्तीर्ण.

जंतुरावांचे दुसऱ्या अटीपाशी अडले. ते मॅडमकडे आले. "बाकीचे उपाय म्हणजे विनंती करायची ना? किती वेळा?"

"मनापासून एकदा केली तरी पुरे."

"मनापासून कसं मोजणार? मी तीनदा करतो, सरासरी घेऊ."

त्यांनी खरोखरच तीनदा विनंती केली, प्रत्येक वेळी मध्ये दहा मिनिटे सोडून. तिन्ही वेळा ताईंनी मान वर न करता "नाही" म्हटले आणि वेळ लिहून दिली. शिवाय स्वतःच्या तीन विनंत्या त्यांनी त्याच वेळात उरकून घेतल्या.

चौथ्या अटीसाठी दोघेही कारकून काकांकडे पोचले. काकांचे टेबल बाहेर खिडकीजवळ होते. लोक तिथे पाण्याचे अहवाल न्यायला येत. या भांडणात त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

"इथे सही करा," ताई म्हणाल्या. "युद्धाची झळ मला लागणार नाही, असं लिहिलंय."

"पण लागली तर?"

"सही केल्यावर नाही लागणार."

"आणि माझ्याही कागदावर करा," जंतुराव म्हणाले. "तुमचा संबंध नाही ना? नक्की नाही ना? का ताईंच्या बाजूने आहात?"

काकांनी दोन्हीकडे सह्या केल्या आणि ते मॅडमच्या खोलीत आले. "मॅडम, तुम्ही ते नुसतं नको म्हणाला असतात तर बरं झालं असतं हो. आता त्यांना वाटतंय की आपण परीक्षेला बसलोय."

मॅडमनाही तेच वाटत होते.

शुक्रवारी दुपारी दोन्ही फायली टेबलावर आल्या. मॅडमनी त्या दोनदा वाचल्या. हिशेबात चूक नव्हती. दोन्ही बाजूंचे कारण गंभीर होते, दोन्ही बाजूंनी बाकीचे उपाय केलेले होते, आणि जिंकण्याची शक्यता ताईंनी एकसष्ट टक्के तर जंतुरावांनी अठ्ठावन्न टक्के काढली होती. दोघांची बेरीज शंभराच्या पुढे जात होती, पण कोणाच्याही एकट्याच्या फायलीत ते दिसत नव्हते. एकच रकाना कोरा होता, परवानगीचा.

"नाही दिली तर?" मॅडमनी विचारले.

"मग आमच्यावर अन्याय," दोघे एकदम म्हणाले. चार दिवसांत प्रथमच त्यांचे एकमत झाले होते.

पाच वाजता साहेबांचा फोन आला. "काय मॅडम, मिटलं का? उद्या सकाळपर्यंत कळवा. नाहीतर रजा विसरा."

सहा वाजता सगळे घरी गेले. मॅडम उठल्या, दिव्यांखालून चालत तराजूच्या ओट्यापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. तराजू आणि घुसळणी दोन्ही एकाच बोर्डावर होत्या. जंतू वाढवायची कपाटे आणि फ्रीज वेगळ्या लाइनवर होते, एवढे त्यांनी तपासले. मग बोर्डाचे झाकण उघडून त्यांनी फ्यूज काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. काकांचा अहवाल छापायचा कॉम्प्युटरही त्याच बोर्डावर आहे, हे त्यांना जिन्यात आठवले. त्या दोन पायऱ्या मागे आल्या. मग तशाच खाली उतरल्या.

घरी जाऊन त्यांनी साहेबांना फोन केला. "थांबलंय, साहेब." मिटलंय, असे त्या म्हणाल्या नाहीत. साहेबांनी फरक विचारला नाही.

सोमवारी दुपारी, बहिणीच्या घरी जेवण होऊन त्या नुकत्या आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"मॅडम, घुसळणी हलली."

"कुठे?"

"सामानाच्या खोलीत. तिथे वीज होती ना. पण ती एकट्या जंतुरावांना उचलेना. ताई म्हणाल्या, तुम्ही नमुने नासवणार म्हणजे माझ्या अहवालालाही उशीर होणार, आणि लावला हात. आम्ही तिघांनी नेली. तराजूला बाहेरून वायर टाकली. आकडा अगदी दगडासारखा. दोघं एकत्र चहा पितायत."

"मग चांगलं झालं की."

"नाही, चहा पिता पिता ते तुमच्याविरुद्ध तक्रार लिहितायत. शुक्रवारी सगळ्यांच्या शेवटी तुम्हीच निघालात, म्हणजे फ्यूज तुम्हीच नेला, हे त्यांनी ताडलंय. तुमच्याच अटींवर. वाचू?"

"वाचा."

"कारण गंभीर? नाही, मॅडमना झोपायचं होतं. बाकीचे उपाय? नाही, पूर्वसूचनाही दिली नाही. नुकसान? एका यंत्रासाठी सगळा ओटा बंद. संबंध नसलेल्यांना झळ?" काका घुटमळले. "तिथे माझं नाव आहे. एकवीस लोक खिडकीवरून रिकाम्या हातानं परत गेले, तेही आहेत. जिंकण्याची शक्यता, होती. तेवढ्यातच तुम्ही पास आहात. आणि परवानगीचा रकाना कसा भरायचा, ते विचारतायत. प्रमुख तर तुम्हीच."

मॅडमनी थोडा विचार केला. "लिहा, कोणालाही विचारलं नाही. आणि मला पाठवा, सही करून वर पाठवते. फ्यूज उद्याच्या टपालाने येईल."

बहिणीने स्वयंपाकघरातून विचारले, "कोण गं?"

"ऑफिस. माझ्याविरुद्ध तक्रार आहे."

"खोटीनाटी?"

"नाही. सगळी खरी."

त्यांनी फोन उशीजवळ ठेवला. खरे तर आता तळमळायला हवे होते, निदान ते एकवीस लोक तरी डोळ्यांसमोर यायला हवे होते. पण कुशीवर वळताच त्यांना गाढ झोप लागली, आणि संध्याकाळी जाग आल्यावर सगळ्यात जास्त खटकले ते हेच.