समुद्रातली निंदणी

हिमानी यायच्या आत ते एक तण आपणच काढून टाकायचं, असं चिंतामणरावांनी ठरवलं. एकच तर होतं.

मोताळ्याला समुद्र नाही, पण चिंतामणरावांच्या हॉलमध्ये होता. तीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, आत जिवंत पोवळी आणि दोन नारिंगी मासे. टाकी लेकीची, हिमानीची. ती तीन महिने पुण्याला नोकरीवर गेली आणि टाकी बापाच्या हवाली करून गेली. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या बापाचा जीव त्या टाकीत असा गुंतला, की जेवणाचं ताटही टाकीसमोर येऊ लागलं. (बायकोला, प्रतिमाताईंना, एवढं टक लावून त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं.) आता हिमानीची नोकरी कायम झाली होती. टाकी घरीच ठेवायची की अकोल्याच्या शंतनुकडे द्यायची, हे ती महिनाअखेरच्या रविवारी येऊन ठरवणार होती. शंतनु तिचा मित्र, अशा टाक्यांतला जाणकार. त्याचं नाव निघालं की चिंतामणरावांना जळजळ व्हायची.

"बाबा, मागच्या दगडावर भुरकं फूल दिसते ना, ते पोवळं नाही, तण आहे," ती फोनवर म्हणाली होती. "त्याले हात लावू नका."

तण म्हटल्यावर मोताळ्याचा माणूस जे करतो तेच चिंतामणरावांनी केलं. त्यांच्या सोयाबीनची निंदणी करणाऱ्या विमलबाईंना बोलावणं धाडलं.

"भाऊ, याच्यात जमीन कुठी हाय?" विमलबाईंनी काचेला नाक लावून विचारलं.

"दगडातच हाय. मुळासकट काढा."

विमलबाईंनी पदर खोचला, विळ्याचं टोक कपारीत घातलं आणि तण उपटलं. त्याचे तीन तुकडे पाण्यात भिरभिरत गेले. त्या चहा पिऊन निघून गेल्या आणि चिंतामणराव आठ दिवस निवांत झोपले.

नवव्या दिवशी तिथे सहा फुलं होती. विमलबाई पुन्हा आल्या आणि या वेळी त्यांनी कसून निंदलं. पुढच्या पंधरवड्यात एकेचाळीस झाली. तिसऱ्यांदा बोलावल्यावर विमलबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"भाऊ, हे तण नोहे, पीक हाय. मले काऊन बोलावता? काढणीले माणसं लावा."

रविवार उजाडला. हिमानीची गाडी साडेदहाला येणार होती. आठ वाजता चिंतामणरावांना मोबाइलवर या तणाचा व्हिडिओ सापडला. हे फूल म्हणजे खरं तर एक प्राणी; त्याचे जेवढे तुकडे कराल तेवढी नवी फुलं. उपाय एकच, खायचा चुना पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं एकेकाच्या तोंडावर सोडायचा. तेही दिवसाला चार-पाच, नाहीतर मासे मरतात.

चार-पाच करायला वेळ कुणाकडे होता? त्यांनी पानठेल्यावरून चुन्याची डबी आणली, पंप बंद केला आणि सुरुवात केली. दहा झाली, पंधरा झाली. सिरिंज डाव्या कोपऱ्यातल्या गुच्छावर आली.

"थांबा," प्रतिमाताई म्हणाल्या. त्यांनी पाण्यात बोट घालून गुच्छाचं बूड चाचपलं. "खाली हाडावानी लागून राह्यलं. हे पोवळं आहे. आता हिमानीचंच पोवळं मारता का?"

तेवढ्यात नारिंगी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. प्रतिमाताईंनी सिरिंज हिसकावून घेतली, पंप चालू केला आणि नवऱ्याला खुर्चीवर बसवलं. हळूहळू मासे खाली गेले. दारात रिक्षा थांबली तेव्हा टाकीत सव्वीस फुलं हसत होती.

चिंतामणरावांनी सगळं कबूल केलं, विमलबाईंसकट. हिमानी टाकीपुढे उकिडवी बसली.

"आणि मधातलं हे एवढं मोठं काऊन ठेवलं?"

"ते तण नाही बेटा. ते तू गेल्यावर जन्मलेलं पोवळं आहे," चिंतामणराव मऊ आवाजात म्हणाले. "रोज माह्या हातानं झिंगा खाऊ घालतो मी त्याले."

हिमानीनं एका काडीनं त्याला हळूच डिवचलं. फूल क्षणात दगडाच्या भोकात गडप झालं.

"हाडवालं पोवळं असं बिळात पळत नाही, बाबा. तुम्ही तण पोसलं."

चिंतामणरावांनी मान खाली घातली. टाकी गेली, हे त्यांना कळून चुकलं. आता रोज सकाळी उठून पाहायचं तरी काय?

"टाकी इथंच राहीन," हिमानी म्हणाली. "पण सांभाळायची आईनं. रोजचे नियम सांगतो, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

चिंतामणरावांनी आनंदानं कागद ओढला आणि आपल्या वळणदार कचेरी अक्षरात, ती सांगेल तसं, लिहायला घेतलं: '१. बाबांना टाकीत हात घालू देऊ नये.' बाकीचे अकराही नियम लिहून झाल्यावर सवयीनं त्यांनी खाली सही ठोकली आणि तारीख घातली.