कूलरमागची साथ

तीन कोंबड्यांपैकी एक चोच उघडून धापा टाकत होती आणि ती बसली होती नेमकी कूलरच्या मागच्या ओलीत. ते पाहून मेघा खिडकीकडे धावली. कारण हा कूलर मागच्या अंगणातली हवा खेचून थेट तिच्या सात महिन्यांच्या बाळाच्या खाटेवर सोडत होता.

मेघा मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी. तिनं मोबाइल उघडला. बर्ड फ्लू. लक्षण: धाप. विषाणू थंड, ओलसर जागी जास्त तग धरतो. तिनं खटकन कूलर बंद केला.

"कूलर कसाले बंद कया वं?" सासूबाई प्रमिलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पोऱ्या शिजी जाई!"

"आई, कोंबडीला साथीचा रोग झालाय. गारव्यात तो विषाणू जगतो."

"मंग तो आपलापेक्षा हुशार शे."

नरडाणा गावातला मे महिना. अर्ध्या तासात कूलरखालची ओल वाळली आणि उरलेल्या दोघींनीही चोची उघडल्या.

"पसरली!" मेघा किंचाळली. पुन्हा मोबाइल. दुसरीकडे लिहिलं होतं, कोरड्या हवेत शिंकेचे थेंब वाळून हलके होतात आणि तरंगत राहतात. म्हणजे ओल वाईट आणि कोरडंही वाईट? खिडकी उघडली तर साथ, लावली तर भट्टी. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं होतं. तिनं आधी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, मग दुकानातून नवऱ्याला बोलावून घेतलं.

"स्वप्नील, कूलर फिरव. तोंड बाहेर. म्हणजे तिकडची हवा आत येणार नाही."

"अगं, मग गार कोण होणार?"

"विचार करायला वेळ नाहीये!"

"ते दिसतंच आहे."

कूलर फिरला. पाऊण तासात तिन्ही कोंबड्यांनी चोची मिटल्या आणि त्या पिसं साफ करू लागल्या. मेघा पार चक्रावली. गारव्यात जगायचा होता विषाणू. इथे तर कोंबड्याच जगत होत्या!

डॉक्टर आले. एकेकीला बगलेत धरून डोळे, तुरा पाहिला. "अंडी?"

"तिन्हीबी देई राहिन्यात," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"रोगबिग काही नाही. ऊन लागलंय. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडूनच अंग थंड करते. पण फोनवर कळलं, मधेच कूलर बंद केला होता. कोणी?"

प्रमिलाबाई आभाळाकडे बघू लागल्या.

"आता फिरवलाय तो झकास. दोन दिवस तसाच राहू द्या."

"आणि आम्ही?" स्वप्नीलनं विचारलं.

"तुम्हाला घाम येतो," डॉक्टर म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

आत बाळानं भोकाड पसरलं. प्रमिलाबाईंनी त्याची खाट उचलली आणि अंगणात, भिंतीच्या सावलीला, कूलरसमोर नेऊन टाकली.

"आई, अहो तिथे कोंबड्या..."

"त्यासले मी सांगी ठेयेल शे."

मिनिटभरात बाळ झोपलं. मेघा दारात उभी राहून मोबाइलवर आणखी थोडं वाचत राहिली. घाम टपकून अक्षरं दिसेनात, तेव्हा तिनं सतरंजी काढली.

"सरका गं जरा," ती कोंबड्यांना म्हणाली.