सड्यावर उतरलेलं बारा नंबर

हमीदचाचांच्या घरी चहा मिळतो, पण आधी वजन द्यावं लागतं. पडवीत चपला काढल्या की डाव्या हाताला एक जुना काटा ठेवलेला आहे. त्यावर उभं राहायचं. चाचा वाकून आकडा बघतात, "पिशवी धरून?" असं विचारतात आणि मगच आत हाक मारतात, "शरीफा, चहा टाक, एक पॅसेंजर!"

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पोट आत ओढून काट्यावर चढलो होतो. चाचा म्हणाले, "मास्तर, पोट आत घेतलं म्हणून वजन कमी होत नाय." मी रत्नागिरीच्या हायस्कुलात तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. हे मला कुणी सांगायची वेळ यायला नको होती.

चाचांनी बावीस वर्षं आखातात काढली, भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर. तिथे हेलिकॉप्टर उतरायच्या चौथऱ्यावर त्यांची ड्यूटी. पायलटला हातांनी खुणा करायच्या आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं सामानासकट वजन घ्यायचं. मॅनेजर असो नाहीतर भांडी घासणारा. "हेलिकॉप्टरला हुद्दा कळत नाय मास्तर, वजन कळतं."

तिथल्या एका रशियन मेकॅनिकने त्यांना जगातल्या मोठमोठ्या हेलिकॉप्टरांची चित्रं दाखवली आणि माणूस कामातून गेला. त्या हेलिकॉप्टरांची नावं तशी अक्षरं आणि आकडे जोडून केलेली. चाचांनी अक्षरं टाकून दिली आणि आकडे ठेवले, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत असावा.

सव्वीस नंबर म्हणजे आठ पात्यांचं, वीस टन उचलणारं. हे त्यांचं लाडकं. घाटात ट्रक कलंडला, "सव्वीस नंबरने टांगून नेला असता." आमच्या आळीत फणसाचं झाड पडून रस्ता अडला, तेव्हाही तेच. सव्वीस नंबरने एकदा बर्फात गोठलेला, केसाळ, हजारो वर्षांपूर्वीचा हत्ती बर्फासकट टांगून आणला होता, हे ते सांगतात तेव्हा लोक एकमेकांना कोपराने ढोसतात. मीही ढोसलं होतं. मग घरी जाऊन शोधलं, तर खरं निघालं. तेव्हापासून मी ढोसत नाही, नुसता हसतो.

सतरा नंबर म्हणजे लांब पायांचा कोळी. त्याच्या पोटाखाली ट्रक उभा राहील, आणि पात्यांच्या टोकांतून आग निघते म्हणून पाती फिरतात. "दिवाळीतलं भुईचक्र, पण एकशे तीस फुटी!"

बारा नंबरबद्दल बोलताना मात्र चाचांचा आवाज खाली येतो. जगातलं सगळ्यांत मोठं हेलिकॉप्टर. दोन्ही बगलांना एकेक पंखा, प्रत्येक पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत पस्तीस मीटर. "दोनच बनवली, मास्तर. उडाली चांगली. पण कामावर कुणी घेतलंच नाय. एवढा धिप्पाड गडी, आणि संग्रहालयात बसून हाय."

यंदाच्या ईदला आम्ही सगळे त्यांच्याकडे शीरखुर्मा ओरपत होतो, म्हणजे वजनं देऊन. चाचांनी पाहुण्यांसमोर बारा नंबर काढलं. पस्तीस मीटर म्हणताच शरीफाचाची आतून येत म्हणाल्या, "बावीस वर्षं पत्रातून हेच. हा पंखा एवढा, तो पंखा तेवढा. माझ्या आईने तेव्हाच सांगितलं होतं, पोरगा चांगला हाय, पण थापाड्या हाय."

घर हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, हे कबूल करतो. चाचांनी वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "मास्तर, मोजायची टेप हाय?"

"आहे. काय मोजायचंय?"

"माझी अब्रू. बावीस वर्षं मी बायकोला खोटं लिहिलं, असं ती समजते. तिला बारा नंबर दाखवायचंय."

"कुठे?"

"सड्यावर. मापात."

आमच्याकडचे सडे म्हणजे जांभ्या दगडाची उघडी माळरानं. उन्हाळ्यात वर गवताची काडी नसते. चाचांनी क्रिकेटच्या रेघा मारायची पांढरी फक्की चार पोती आणली, कातळाच्या भेगेत पहार ठोकली, तिला दोरी बांधली आणि डावा पंखा अगदी सुबक गोल काढला. मग हेलिकॉप्टरचं धड काढलं, शेपटी काढली. उजवा पंखा माझ्याकडे आला. "तुम्ही गणितवाले," चाचा विश्वासाने म्हणाले.

मी पस्तीस मीटर दोरी मोजून घेतली आणि फिरायला लागलो. पुष्कळ फिरलो. वाटेत एक म्हैस बसली होती, तिला वळसा घालून फिरलो. परत आलो तेव्हा चाचा कमरेवर हात ठेवून उभे होते. माझ्या उजव्या पंख्याने हेलिकॉप्टरचं धड गिळलं होतं, डावा पंखा निम्मा खाल्ला होता आणि म्हैस पॅसेंजर म्हणून आत घेतली होती.

"मास्तर, पस्तीस मीटर हा पूर्ण पंखा. दोरी निम्मी घ्यायची."

त्रिज्या आणि व्यास. या एका चुकीसाठी मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे, दर वर्षी, वर्गच्या वर्ग.

दोनशेवीस मीटरची रेघ मी खराट्याने झाडत सुटलो. निम्मी झाडून होते तोच कातळशिल्पं बघत हिंडणारं एक पुण्याचं जोडपं तिथे आलं. आमच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. त्यांतलंच एक रेषा दिसाव्यात म्हणून फक्कीने रंगवलंय, असं त्यांना वाटलं.

"अहो काका, पुसताय काय! ठेवा आहे हा!" बाई माझ्यावर ओरडल्या. गृहस्थांनी चाचांना अदबीने विचारलं, "किती जुनं असेल हे?"

"पंचावन्न-साठ वर्षं."

"आं? कुणी काढलं?"

"रशियन लोकांनी."

गृहस्थांनी ते वहीत टिपून घेतलं. बाईंनी मला तोंडभर सुनावलं आणि खराटा हातात धरलेला माझा फोटो काढला. तो आता कुठे कुठे फिरत असेल, याचा मी विचार करत नाही.

निम्म्या दोरीने उजवा पंखा आणि पुसलेलं धड पुन्हा काढून झालं, आणि उन्हं कलली तेव्हा चाचीची रिक्षा सड्यावर आली. त्यांचे गुडघे दुखतात. काठी टेकत त्या डाव्या पंख्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या.

"चल," चाचा म्हणाले. दोघं चालू लागले. मी मागे.

"अजून हाय?"

"अजून हाय."

मधे थांबून चाचीने दम घेतला. "अजून?"

"निम्मंच झालं."

दोन्ही पंखे मधे थोडे एकमेकांवर येतात, म्हणून सत्तर नाही, सदुसष्ट मीटर चालून उजव्या पंख्याच्या टोकाला पोचल्यावर चाची वळल्या आणि सगळ्या पांढऱ्या रेघांवरून त्यांनी नजर फिरवली. "खरंच लिहीत होतात तर," त्या म्हणाल्या.

चाचांची छाती अशी फुगली, की काट्यावर चढवले असते तर निदान दोन किलो जास्त भरले असते. विज्ञानाचा मास्तर म्हणून हे मला शोभत नाही, पण मी पाहिलं ते सांगतो.

चाची सावकाश चालत धडाच्या आत आल्या आणि एका दगडावर बसल्या. "माणसं किती बसायची यात?"

"एकशे शहाण्णव."

"आणि तुम्हाला घरी यायला दोन-दोन वर्षं लागायची." त्या रागाने बोलत नव्हत्या. "पत्र आलं की पंखा, पोट, शेपटी. मी शेवटपर्यंत वाचायची. खाली तरी दुसरं काही लिहिलं असेल म्हणून."

चाचा पायाने खडा ढकलू लागले. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण सड्यावर आडोसा नसतो. मी म्हशीकडे बघत राहिलो.

"खोलीत सहा जण होतो, शरीफा," चाचा शेवटी म्हणाले. "लिहायला बसलो की सगळे मागून वाचायचे. दुसरं काय लिहिणार?"

चाची पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, सड्याभर ऐकू जाईल अशा.

चाचांनी फक्कीची बालदी उचलली. धडाच्या कडेला, खिडकी असायची तिथे, त्यांनी दोन चौकोन काढले. दोन सीटा. जरा मागे सरकून त्यांनी ते नीट पाहिले.

"मधे एवढी जागा कशाला सोडलीत?" चाची म्हणाल्या.

चाचांनी इकडे तिकडे बघितलं, एक चौकोन पायाने पुसला, आणि दुसऱ्याला चिकटून पुन्हा काढला.