मागे किती?

आमचे खैरनार सर कुणाला "कसे आहात?" असं विचारतच नसत. त्यांचं एकच: "मागे किती?" पोस्टमन उशिरा आला, तरी तेच. मी सव्वादहाला धापा टाकत शिरले, की वर न बघता, "पंधरा मिनिटं मागे, ताई!" अस्सा राग यायचा!

नाशिक रोडच्या रक्तपेढीत मी काउंटरवर, सर कॉम्प्युटरचे. मूळचे कळवणचे. उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळायचे. थांबणं म्हणून माहीत नाही. साडेपाचला तर बॅग उचलून अक्षरशः पळत. कुठे, ते कुणाला सांगत नसत.

मोबाइल नवे-नवे होते तेव्हाची गोष्ट. सगळ्या नोंदी ठेवणारा जुना सर्व्हर थकला, नवा आला. साहेब म्हणाले, "एक दिवस काउंटर बंद ठेवा." सर उसळलेच. "रक्ताला सुट्टी असते का?"

मग त्यांनी नवं मशीन जुन्याच्या मागे लावलं. मी जुन्यावर पिशवी नोंदवली, की तीच नोंद नव्यावर आपोआप उतरायची. नवं किती सेकंद मागे आहे, तो आकडा स्क्रीनवर दिसे. शून्य आला, की सगळे काउंटर नव्यावर वळवायचे.

त्या दुपारी आकडा चाळीसवर होता आणि सर काही खुर्चीत टेकेनात. तेवढ्यात एकजण धावत आला. बायकोचं सिझेरियन, ओ निगेटिव्ह हवं! मी सरांकडे वळले.

"सर, नव्यावर वळवणं आत्ता नको ना!"

"यांचं आधी. जुन्यावरच घ्या."

पिशवी घेऊन तो पळाला. बारा... पाच... "शून्य! कीबोर्डवरून हात वर, ताई!" सरांनी खटाखट बटणं दाबली. मी जीव मुठीत धरून नवं उघडलं. त्याची पिशवी तिथे हजर!

"काम फक्त अठ्ठावीस सेकंद बंद! लय भारी!" सर चक्क नाचले. मीही टाळ्या पिटल्या.

साडेपाचला ते पळाले आणि डबा विसरले. मी डबा घेऊन त्यांच्या मागोमाग पेढीमागच्या कॉलनीत गेले. फाटकापाशी त्यांच्या पत्नी काठी टेकत चालत होत्या. अर्धांगाने एक पाय ओढत होता. सर दहा पावलांवर हात पसरून उभे. जराही घाई नाही.

बाई अडखळत त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि जड जिभेने म्हणाल्या, "मागे... किती?"

"शून्य!" सर म्हणाले आणि पुन्हा दहा पावलं पुढे जाऊन उभे राहिले.

डबा मी दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यांच्या टेबलावर ठेवला.