थर्मासचं तिकीट

आमच्या शेजारचे सुभेदार सातारा-सांगली एसटीत दोन तिकिटं काढत. एक स्वतःचं, एक थर्मासचं.

"आवं सुभेदार, थर्मासला कुठं तिकीट असतंय?" कंडक्टर हसायचा.

"सीटवर बसलाय न्हवं? मग फाड. पेशंट हाय त्यो."

थर्मासात बर्फ, आणि बर्फात त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या रक्ताची नळी. एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. साध्या तापाचं निमित्त झालं. ताप गेला, थकवा राहिला. केस धुतले तरी काकू दोन दिवस अंथरुणावर. सांगलीच्या लॅबपर्यंत एसटीत बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून रक्त तेवढं जाई.

"माझ्यापरास माझं रगतच लय हिंडलं," काकू म्हणत.

सुभेदारणीला कामाचा कंटाळा आहे, असं गल्लीत बोललं जाई. ते कानावर आलं की सुभेदार भर चौकात गरजत, "शत्रू दिसू दे नुसता, मग बघतो एकेकाला!" शत्रू म्हणजे विषाणू. तापाचा विषाणू कधी कधी मागं राहतो, असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रिपोर्टात काही निघेना. लोक 'बरं झालं' म्हणत आणि सुभेदार भडकत. "बरं काय? बाई पडलीय माझी. नीट हुडकलं न्हाई त्यांनी."

अखेर एकदा एका जुन्या विषाणूच्या खुणा सापडल्या. सुभेदारांनी गल्लीत पेढे वाटले.

लॅबच्या डॉक्टरांनी समजावलं, "या खुणा बहुतेक सगळ्यांच्या रक्तात असतात. आजार त्यामुळंच आहे असं म्हणता येत नाही. तुमच्याही रक्तात निघतील."

सुभेदारांनी तिथंच बाही वर केली. निघाल्या.

त्या दिवसापासून त्यांचा गरजणारा आवाज गेला. खाट पडवीत आली. ताट वेगळं, पेला वेगळा. काकूंशी बोलायचे ते उंबऱ्याबाहेरून.

"छावणीत कुठंकुठं पाणी प्यालो, मास्तर," ते मला म्हणाले. "म्याच आणलं घरात. म्याच पाडली तिला."

"पण डॉक्टर काय म्हणाले?"

"धीर देत्यात. मरणाऱ्याला आमीबी द्यायचो."

आत काकूंनी मला हळूच विचारलं, "ह्यांना माझी किळस आली का वो?"

मग मीही रक्त दिलं. छावणी सोडाच, आमच्या रहिमतपूरच्या पलीकडं मी कधी राहिलो नव्हतो. सुभेदारांनी माझी नळी सांगलीला नेली. मास्तरांच्या रक्ताला मात्र तिकीट काढलं नाही, थर्मास मांडीवर घेतला. माझ्या रक्तातही त्याच खुणा निघाल्या.

सुभेदारांनी रिपोर्ट माझ्यापुढं धरला.

"म्हंजे म्या न्हाई?"

"नाही."

"मग कोण?"

मला वाटलं होतं, माणूस हलका होईल. ते पायरीवर मटकन बसले. इतके दिवस निदान एक गुन्हेगार तरी त्यांच्या ताब्यात होता.

मग उठले. राखेनं घासून घासून थर्मास धुतला, त्यात चहा भरला आणि किती दिवसांनी उंबरा ओलांडून आत गेले. "उठू नगंस. बशी म्या धरतो."

उरलेला चहा त्याच बशीतून ते स्वतः प्याले.

सुभेदार गेले त्या दिवशी काकूंना दारापर्यंतही येता आलं नाही. आम्ही तिरडीच आत, त्यांच्या पलंगाशी नेली. काकूंनी पडल्यापडल्याच सुभेदारांच्या बाहीवरून हात फिरवला.

अंगणात कुणीतरी म्हणालं, "आज तरी उठायचं."

त्यावर गरजणारा माणूस आमच्या खांद्यावर होता.