बाबलकाकाचे पिवळे दात

बाबलकाकाच्या घरात कोयती होती, कात्री होती, पकडही होती. पण वापरात असायचे ते दात. जाळ्याचा नायलॉनचा दोरा, ज्याला देवबागात तंगूस म्हणतात, तो दातांनी तोडायचा. सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी. कुर्ल्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, तर काय, शेंगा फोडाव्यात तसे. एकदा माझ्या सायकलचा नट घट्ट बसला होता, तर हा गृहस्थ तोंड पुढे करून खाली वाकलाच. मी किंचाळले म्हणून थांबला.

"पकड खंय ठेवलंय ता सोधूचा लागता," तो म्हणायचा. "दात कधी सोधूक लागले काय?"

बरं, दात तरी धड असावेत! वरच्या पुढच्या दोन दातांचे आतले कोपरे उडालेले होते आणि मध्ये एक तिकोनी खिडकी होती. त्या खिडकीतून तो शीळ घालायचा. ती खाडीपलीकडे ऐकू जायची आणि माझ्या चौथीच्या वर्गात हमखास गणिताच्या तासाला यायची. मी मूळची सांगलीकडची, तोंडाने तिखट. बदली होऊन देवबागात आले आणि याच्या शेजारी राहिले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात भांडायला गेले होते. त्याने ऐकून घेतलं आणि ताटभर बांगडे दिले. अशा माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

दात कसे तुटले ते त्याने कधी सांगितलं नाही, पण वाडीत सगळ्यांना माहीत होतं. बाप गेल्यावर होडी कोणी चालवायची यावरून दोघा भावांची जुंपली आणि धाकट्या नारायणने रागाच्या भरात वल्हं हाणलं. ते थेट तोंडावर बसलं. दुसऱ्या दिवशी नारायण मुंबईला गेला तो गेलाच. आईच्या बाराव्यालाही आला नाही. वाडी म्हणायची, "केवढी घमेंड!" पंधरा वर्षं झाली होती. काकाची बायको मध्यंतरी वारली, मूलबाळ नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात हा, त्याची जाळी आणि ती शीळ.

आणि एके दिवशी आमच्या घरच्या फोनवर नारायणचा फोन आला. वाडीत तेव्हा फोन मोजकेच होते. मुलीचं लग्न ठरलं होतं. पहिली अक्षत गावच्या देवाला आणि दुसरी घरच्या थोरल्याला द्यायची, ही रीत काही मोडता येत नाही. पुढल्या महिन्यात, पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी येतो, संध्याकाळी लगेच निघेन, म्हणाला. मी निरोप सांगितला. काका जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला, "येवंदे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर.

"बाई, तुज्या त्या दाताच्या डॉक्टरणीकडे माका घेवन चल."

मला वाटलं, झालं! भावाला दाखवायचं असणार, तुझ्या माराने माझं काही वाकडं झालं नाही म्हणून. खुन्नस, दुसरं काय. वाडीचंही तेच मत पडलं.

माझी दाढ भरणाऱ्या मालवणातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगायला पक्क्या. "काका, दाताच्या पुढच्या बाजूला पातळ पापुद्रा चिकटवायचा. नखाएवढा. पण तो बसायला जागा लागते, म्हणून दात थोडा घासावा लागतो. घासलेला दात परत वाढत नाही. एकदा केलं की जन्मभर त्याच्यावर काहीतरी आवरण लागणारच. हेही कायमचं नाही, काही वर्षांनी बदलावं लागेल."

"बदलूक मी तरी रवाक व्हयो मां!"

"आधी हिरड्या साफ करून घ्यायच्या, तंबाखू बंद. थंड-गरम थोडे दिवस झोंबेल. रात्री झोपेत दात खाता का?"

"एकटोच निजतंय. कोणाक विचारू?"

डॉक्टरीणबाईंनी सगळे दात निरखून पाहिले आणि शेवटची अट घातली: दातांनी काही तोडायचं नाही, काही उघडायचं नाही. पापुद्रा घास चावतो, पण हत्यारासारखा वापरला तर उडतो.

काकाने दातांवरून जीभ फिरवली. मला वाटलं, उठतोय आता. पण म्हणाला, "चलात."

मग रंग निवडायचा होता. बाईंनी नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, पांढऱ्याशुभ्रपासून पिवळटपर्यंत. म्हणाल्या, नीट बघून घ्या, हा रंग पुढे बदलत नाही, बाकीचे दात उजळ केले तरी हा तसाच राहतो. काकाने बोट ठेवलं ते पट्टीच्या टोकाच्या सगळ्यात मळकट दातावर.

"ह्यो. आणि हयसर जरा तंबाखूचो डाग करूक येता काय?"

माझा पाराच चढला. "अहो, एवढा खटाटोप करताय, तर जरा पांढरे घ्या की! लोक ऐकतील तर काय म्हणतील?"

"तू गप रव गो. माज्या बाकीच्या दातांवांगडा जुळाक व्हये."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुळवायचे तर बरोबर आहे, पण डाग मागणारा पेशंट आजवर बघितला नव्हता. तोही करून मिळेल, म्हणाल्या.

दात घासले गेले. मापं गोव्याच्या लॅबला गेली आणि तोवर तात्पुरते पापुद्रे बसवले. ते तर आणखी नाजूक. तेव्हापासूनचे दिवस तर विचारूच नका. सवय का अशी सुटते? हा जाळं घेऊन बसायचा, हात आपोआप वर जायचा, तंगूस ओठांपर्यंत पोचायचा आणि कुंपणाच्या अलीकडून मी ओरडायची, "काकाऽ!" पलीकडून आणखी कोणीतरी ओरडायचं. शेवटी मीच एक नेलकटर दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधला. पन्नाशी उलटलेला माणूस गळ्यात नेलकटर घालून होडीवर जायला लागला. बायका हसून बेजार, पण तो हसत नव्हता. पाणी कोमट करून प्यायचा, भाकरी मोडून मोडून खायचा आणि कॅलेंडरवर दिवस मोजायचा.

शनिवारी सकाळी पेज पिताना एक तात्पुरता पापुद्रा निघाला. वाटीतली पेज रुमालात गाळून काकाने तो शोधला आणि माझ्याकडे आला तो तोंडावर हात दाबून. "गेलो गो, गेलो," एवढंच बोलत होता. मालवणपर्यंत एसटीत त्याने तोंडावरचा हात काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत तो परत चिकटवला, पण खरे पापुद्रे अजून आले नव्हते आणि मंगळवार तीन दिवसांवर होता.

"नाय इले तर?" काकाने विचारलं.

"तर हेच राहतील," मी म्हणाले. "नारायण काही भिंग लावून बघणार नाहीत."

"तां तुका काय ठावक," तो तुटकपणे म्हणाला. मला राग आला. अशी कसली खुन्नस म्हणते मी!

सोमवारी दुपारी गोव्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून पापुद्र्यांची डबी आली. तोवर काका स्टँडवर चार तास उभा होता. डॉक्टरीणबाईंनी आधी पापुद्रे नुसते लावून आरसा हातात दिला. "नीट बघा काका. एकदा चिकटवले की मग नाही बदलता येणार." काकाने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. खिडकी बुजली होती. मग विचारलं, "जुने दिसतत मां?"

मंगळवारी अकराच्या सुमाराला रिक्षा आली. काकाने मला हट्टाने अंगणात बसवून ठेवलं होतं. नारायण उतरला. केस पांढरे झालेले, खांदे पडलेले. ही ती घमेंड? तो कुंपणाशीच उभा राहिला, नजर जमिनीत. काका मात्र हसत सुटला होता. काही कारण नसताना, तोंड उघडं टाकून, खुळ्यासारखा. "ये रे, ये! गाडी बरी गावली? उन्हात कित्याक उभो?" प्रत्येक वाक्याला हसू.

नारायण ओट्यावर बसला. पत्रिका पुढे केली, अक्षता ठेवल्या. एकदाचं वर पाहिलं आणि त्याची नजर काकाच्या तोंडावर जी खिळली ती हलेना.

"दात..." तो म्हणाला.

"दाताक काय झाला?"

"मी... वल्ह्यान..."

"खुळो काय तू? ओठ फाटलो होतो माजो. आठ दिसांत बरो झालो. दात आसत तशेच आसत. बघ." त्याने ओठ वर करून दाखवले, बोटाने टकटक वाजवूनसुद्धा दाखवले. माझा जीव वर-खाली झाला.

"पण सगळी वाडी सांगी..."

"वाडयेक काय काम आसा? हिका विचार. बारा वर्सां शेजारी आसा. मास्तरीण आसा, खोटा बोलाची नाय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो मळका रंग, तो डाग, "जुने दिसतत मां?" देवा! आणि मी याला खुन्नस म्हणत होते.

"मी आले तेव्हापासून असेच आहेत," मी म्हणाले. "पिवळे. किती वेळा सांगितलं, तंबाखू सोडा म्हणून. ऐकतात का?"

नारायणने पत्रिका खाली ठेवली आणि ओट्यावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडायला लागला. "रोज सकाळी दात घासताना माका तुजा रगात दिसा रे. आवशीच्या बाराव्याक तिठ्यापर्यंत येवन परत गेलंय. तुजा तोंड बघूचा धाडस झाला नाय."

काकाने त्याला दंडाला धरून उठवलं. "चल, हातपाय धू. तिकला केलंय बांगड्यांचा. गार जातला."

संध्याकाळी रिक्षा गेली. मी विचारलं, "काका, नुसतं माफ केलं म्हणाला असतात तर? चांगले दात कशाला घासून घेतलेत?"

"माफ केलंय म्हणान सांगितला, तर मारलेला तेच्या डोक्यात रवताच. लागलाच नाय म्हटला, तर सगळा सपला."

रस्ता रिकामा झाला होता, तरी तो तिकडेच बघत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता येत रवात मां गो तो?"

मला रडू आवरेना. "येतील की," मी म्हणाले.