शेजारमुक्त पाच एकर

माणूस जमीन घेतो ती राहण्यासाठी नव्हे, शेजारी लांब जावा म्हणून, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. (जिथे झालेलं नाही तिथे पाहणी चालू आहे.) शेजारी स्वतःहून हलत नाही, त्यामुळे आपल्यालाच दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

ओहायोतला निवृत्त पोस्टमास्तर डेलबर्ट स्टकी याला हे पटायला ऑरविल प्रुएट पुरेसा होता. हा शेजारी तसा सज्जन; दोष एवढाच, की त्याच्याकडे फूटपट्टी होती. डेलबर्टच्या अंगणातलं गवत तो मोजायचा आणि वसाहतीच्या समितीला कळवायचा. ऑरविलच्या टपालपेटीचा रंग मंजूर छटेपेक्षा गडद आहे, हे मग डेलबर्टने समितीच्या नजरेस आणून दिलं. अशी दोन्ही घरं गुण्यागोविंदाने एकमेकांवर लक्ष ठेवून होती.

त्यात महामार्गावरच्या मोटेलात फुकट जेवण निघालं. न्यू मेक्सिकोतली मोकळी जमीन विकणारी एक कंपनी निवृत्त मंडळींना पोटभर खाऊ घालून, दिवे मालवून, पडद्यावर डोंगर दाखवत असे. (डोंगर खरा होता. तो विकायला नव्हता, एवढंच.) कॉफी येईपर्यंत डेलबर्टने पाच एकरांवर सही ठोकली.

“पाणी आहे तिथे?” त्याच्या बायकोने, व्हर्नाने, विचारलं.

“नाही.”

“वीज?”

“नाही.”

“रस्ता तरी?”

“नकाशात आहे.”

“अरे, मग आहे काय?”

“ऑरविल नाही!”

राहतं घर विकलं गेलं.

सामान बांधताना ऑरविलच्या बायकोचं, मॅक्सिनचं, काचेचं भांडं सापडलं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिथली रीत. स्वयंपाकघर तर खोक्यांत गेलेलं. म्हणून व्हर्नाने त्यात जमिनीच्या कंपनीने दिलेला, मोटेलातल्या त्या फुकट जेवणाचा जादा पास ठेवला.

नव्या जागेवर डेलबर्टने ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावला, घडीची खुर्ची उघडली आणि चौफेर पाहिलं. काटेरी झुडपं, वारा आणि कोणीही नाही. त्याला खरोखर भरून आलं. हे सुख दुपारपर्यंत टिकलं. मग झुडपं फारच वेडीवाकडी वाढलीत असं वाटून तो ती छाटायला लागला. कोणी पाहत नव्हतं, ही गोष्ट त्याला जरा खटकलीच.

तेवढ्यात धूळ उडाली. शेजारच्या पाच एकरांत दुसरा ट्रेलर येऊन थांबला आणि त्यातून ऑरविल उतरला.

“तू इथे कसा?” ऑरविल रडकुंडीला आला. “अरे बाबा, तुझ्यापासून सुटावं म्हणून घर विकलंय मी!”

डेलबर्टला हे फार लागलं. आपणही कोणाचे तरी शेजारी आहोत, ही बाब समितीने त्याला कधीच कळवली नव्हती.

संध्याकाळी नव्या वसाहतीची समिती स्थापन झाली. दोघे एकमेकांना मत देईनात, म्हणून व्हर्ना बिनविरोध अध्यक्ष झाली. पहिला ठराव गवताच्या उंचीचा. गवत नव्हतं, तेव्हा ते आधी लावावं असं ठरलं. डेलबर्ट बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. जेवण मॅक्सिननेच आणलं होतं, त्याच भांड्यात. आता ते परत द्यायचं होतं.

वाचकहो, हसलात, आनंद आहे. तुमचा शेजारीही हल्ली लांब कुठेतरी मोकळी जागा बघतोय. तिथे पाणी नाही, रस्ता नाही. तरी ती त्याच्या मनात का भरली, हे त्याने तुम्हाला सांगितलं नसेल.